जागा न सोडणारे जहाज

जहाज म्हटले की प्रवास आलाच. परंतु वर्षानुवर्षे समुद्रात एकाच ठिकाणी उभी राहून इतर जहाजांना वाट दाखवणारीही जहाजे होती. त्यांना 'दीपनौका' असे म्हणतात. आपल्या देशात सागरी दिव्यांची व्यवस्था पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाचे नाव 'दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालय' असे आहे. या जहाजांचे महत्त्व किती होते, हे त्या नावावरून ध्यानात येते.

किनाऱ्यावर किंवा खडकावर दीपस्तंभ उभारता येतो. समुद्रात काही ठिकाणी मात्र पाण्याखाली वाळूचे विस्तीर्ण उथळ पट्टे असतात. तेथील तळ सरकता असल्यामुळे पूर्वी त्यावर बांधकाम करणे फार कठीण होते. अशा जागी उंच डोलकाठीवर दिवा लावलेली नौका नांगरून ठेवण्याचा उपाय निघाला. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाशी, नोर येथील वाळूच्या पट्ट्याजवळ, १७३० नंतरच्या दशकात रॉबर्ट हॅम्ब्लिन याने अशी नौका उभी केली. आधुनिक दीपनौकांचा आरंभ तेथून मानला जातो.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यालगत उत्तर समुद्रात 'हॉर्न्स रेव्ह' नावाचा असाच धोकादायक उथळ पट्टा आहे. या किनाऱ्यावर सेवा बजावलेली 'मोटार दीपनौका क्रमांक १' ही लाकडी नौका फॉबोर्ग या गावी बांधण्यात आली व १९१४ मध्ये तयार झाली. पूर्वीच्या डॅनिश दीपनौकांना दुसऱ्या जहाजाने ओढून न्यावे लागे. हिला मात्र स्वतःचे इंजिन होते. डेन्मार्कच्या दीपनौका तांबड्या रंगाच्या असत आणि त्यांच्या बाजूंवर पांढरा क्रूस रंगवलेला असे. त्यामुळे दिवसाही त्या दुरून ओळखता येत. वादळ आले की इतर जहाजे बंदराचा आश्रय घेत. दीपनौकेने मात्र त्याच वेळी आपली जागा सोडता कामा नये, असा तिचा धर्म होता. तिच्यावरील खलाशी रात्री दिवा तेवत ठेवत आणि धुके दाटले की भोंगा वाजवत.

पुढे माणसांशिवाय चालणारे दिवे व मोठे तरंगते बोये आले आणि दीपनौकांची गरज संपली. ही नौका १९८० पर्यंत सेवेत होती. नंतर एस्बिएर्ग बंदरात संग्रहालय म्हणून तिचे जतन करण्यात आले.

लाकडी जहाजाच्या दृष्टीने निवृत्ती हाच मोठा धोका असतो. सेवेत असताना खलाशी रोज डेक धूत, रंग देत, फटी तपासत. निवृत्तीनंतर हे हात नाहीसे होतात. पावसाचे गोडे पाणी डेकच्या सांध्यांतून झिरपते आणि लाकूड कुजू लागते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक मृदुकाय प्राणी आतून बोगदे पाडतो. वरून मात्र फळी धडधाकट दिसते. जहाज पाण्याबाहेर काढून कोरडे ठेवावे, तर फळ्या आकसतात व सांधे उघडतात. म्हणून वरचा भाग कोरडा आणि खालचा भाग ओला राखावा लागतो. फळ्यांमधील फटींत तंतू ठोकून बसवणे, त्यावर डांबर भरणे आणि कुजलेली फळी काढून तशीच नवी बसवणे ही कामे पुनःपुन्हा करावी लागतात.

असे करता करता जुन्या लाकडाच्या जागी बरेचसे नवे लाकूड येते. मग जतन कशाचे झाले, असा प्रश्न पडेल. नौकेचा मूळ आकार, तिची रचना आणि ती घडवणाऱ्या सुतारांचे कौशल्य यांचे जतन झाले, हे त्याचे उत्तर होय. फळी घासून, वाकवून नेमकी बसवण्याची विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. ती काम करतानाच एका पिढीकडून दुसरीकडे जाते. दुरुस्ती थांबली, तर नौकेबरोबर ही विद्याही लोप पावेल. ज्या नौकेने असंख्य अनोळखी जहाजांचे रक्षण केले, तिचे रक्षण आता माणसांच्या नित्य श्रमावर अवलंबून आहे.