अलीकडचे विमान

एखादे काम 'लांबणीवर टाकणे' मराठी माणसाला चांगले जमते. शब्दही तयार आहे आणि स्वभावही! पण तेच काम ठरल्या वेळेच्या आधी आणायचे म्हटले की भाषा अडखळते. 'अलीकडे ओढणे' म्हणावे, तर जेवणाचा पाट आठवतो. इंग्रजांचीही हीच अडचण होती. ती आपण भारतीयांनी 'प्रीपोन' हा शब्द रूढ करून दूर केली आणि आता तो इंग्रजी कोशांतही जाऊन बसला आहे. वर्गात हे उदाहरण मी गमतीने सांगत असे. त्या शब्दाचा खरा अर्थ मात्र मला कळला तो तीन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी.

माझी थोरली बहीण नागपूरला असते. बुधवारी सकाळी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती आणि मी मंगळवारी संध्याकाळच्या विमानाने निघणार होतो. तिकीट काढलेले, खुर्चीचा क्रमांक घेतलेला, बॅग भरलेली. बॅगेत ताईच्या आवडीचे बेसनाचे लाडू. साडेअकराला भाऊजींचा फोन आला, "अरे, शस्त्रक्रिया आजच पाचला ठरली. ताई विचारते आहे, तू कधी पोचतोस?"

आमची ताई कधी कुणाला 'कधी येतोस' असे विचारणारी नव्हे. एवढ्यावरूनच मी काय ते समजलो.

मुलीने फोनवर शोधाशोध केली. दोन वाजून दहा मिनिटांच्या विमानात जागा होती. पण विमान बदलणे म्हणजे लोकलचा डबा बदलणे नव्हे! संध्याकाळच्या विमानासाठी घरबसल्या नोंदवलेली हजेरी आधी रद्द करायची, मग बदलाचा आकार भरायचा, शिवाय दोन्ही भाड्यांतला फरक. ऐन वेळचे भाडे ते! फरकच मूळ तिकिटाहून मोठा निघाला.

पैसे भरून झाले आणि सौभाग्यवती म्हणाली, "अहो, बॅग इथेच राहू द्या."

तिचे बरोबर होते. देशांतर्गत विमानांचे सामान घेणारे खिडकीवाले बहुधा उड्डाणाआधी एक तास हात आखडतात. हातातली पिशवी असेल, तर मात्र दार बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण पंचवीस मिनिटे आधीपर्यंत, माणसाला आशा असते. आणि सामान एकदा स्वाधीन केले की विमान बदलणे फारच जिकिरीचे, कारण मालकावाचून बॅगेने उडायचे नाही असा दंडक आहे. त्या दंडकामागे मोठे दुःख आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे गेली. ज्याच्या नावाने ती बॉम्बची बॅग चढवली होती, तो प्रवासी विमानात चढलाच नव्हता. तेव्हापासून माणूस आणि सामान यांची गाठ जगभर अधिक घट्ट बांधली गेली.

खांद्याला शबनम अडकवून मी अंधेरीच्या नाक्यावर रिक्षा पकडली. "विमानतळ," म्हणालो. रिक्षावाल्याने मागे वळून विचारले, "साहेब, सांताक्रूझ की सहार?"

मी 'सहार' म्हणणार होतो; संध्याकाळचे विमान तिथूनच होते. पण त्याच्या प्रश्नाने फोन उघडून पाहिला. कंपनी तीच, गाव तेच; पण हे विमान सांताक्रूझच्या टर्मिनलवरून सुटणार होते! त्या एका प्रश्नाने माझा प्रवास वाचवला. वाचकहो, विमान बदलाल तेव्हा वेळेच्या आधी टर्मिनल पाहा. २०२५ पासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिथली चूक तर रिक्षाने निस्तरता यायची नाही.

विमानात खिडकीशी बसल्यावर मनात आले, ही खुर्ची रिकामी का राहिली असेल? कदाचित कुणीतरी आपला प्रवास लांबणीवर टाकला असेल, म्हणून माझा अलीकडे आला.

सोनेगावला उतरून धंतोलीच्या इस्पितळात पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. साडेचारला ताईला आत नेणार होते. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी पोचलो असतो, ठरल्या विमानाने रात्री. इतका खटाटोप करून हाती आली ती दहा मिनिटे.

ताईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "बॅग कुठाय रे तुझी?"

"घरी राहिली."

"म्हणजे लाडूही घरीच?"

मी मान हलवली. ती हसली, पण माझा हात तिने घट्ट धरला होता आणि तो गार पडला होता. "मग बरं होऊन मलाच यावं लागेल अंधेरीला," ती म्हणाली.

परिचारिका येईपर्यंत तिने हात सोडला नाही. ताई बरी झाली आणि त्या दिवाळीत खरोखरच आमच्याकडे आली. मी तिकिटाला किती जादा पैसे मोजले, हे तिने तीनदा विचारले. मी अजून सांगितलेले नाही.