दारांतील विलायती मोटारसायकल व तिची निगा

ज्या घरांच्या ओसरीलगत एके काळीं बैलगाडीचें जूं टेकून ठेवलेलें असे, त्या घरांच्या दारांत सांप्रत मोटारसायकल उभी दिसते. ही गोष्ट आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, तिजविषयीं कुटुंबाच्या मासिकांत लिहिण्यासारखें काय आहे, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर दुर्दैवानें आंकड्यांत आहे. केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं शेंकडा सुमारें ४४ दुचाकीवरचीं होतीं. त्याच वर्षीं ५०,०२९ मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. असें असूनहि दुचाकी घेतेवेळीं घरांत रंग, किंमत आणि हप्ते यांचा जितका ऊहापोह होतो, त्याच्या शतांशानेंहि ती सांभाळावी कशी याचा होत नाहीं. घरांतील वडील मंडळी तर 'हें पोरांचें काम' म्हणून मोकळी होतात.

आमच्या एकत्र कुटुंबांत गेलीं दोन वर्षें ट्रायंफ कंपनीची 'स्पीड ४००' ही गाडी आहे. पुतण्या नोकरीनिमित्त धाराशिवाहून तुळजापुरास रोज जातो व येतो. म्हणजे दिवसाकाठीं अदमासें पन्नास किलोमीटर व वर्षाकाठीं पंधरा हजार. गाडी त्याची, परंतु तिची हस्तपुस्तिका प्रथम अथपासून इतिपर्यंत वाचली ती मीं. जन्मभर मुलांस व्याकरण शिकविलेल्या माणसास नियम आणि अपवाद यांचा ग्रंथ हातीं आला म्हणजे तो खालीं ठेववत नाहीं.

गाडी विलायती म्हणून शेजारीं तिचें कौतुक होतें. वस्तुतः तिचें विलायती सोंवळें प्रारंभापासूनच मोडलेलें आहे. कंपनीचा संस्थापक सीगफ्रीड बेटमन हा न्यूरेंबर्गहून इंग्लंडांत येऊन राहिलेला जर्मन गृहस्थ. त्यानें कॉव्हेंट्री येथें १९०२ सालीं जी पहिली मोटारसायकल केली, तिचें इंजिन मिनर्व्हा या बेल्जमच्या कारखान्याचें होतें. पुढें १९४० च्या बाँबवर्षावांत कॉव्हेंट्रीचा कारखाना जमीनदोस्त झाला, नवा मेरिडन येथें उभा राहिला, तोहि १९८३ सालीं बंद पडला. तेव्हां जॉन ब्लूर नांवाच्या इमारती बांधणाऱ्या व्यावसायिकानें तें नांव विकत घेऊन हिंकली येथें धंदा पुन्हां उभा केला. जानेवारी २०२० मध्यें त्या कंपनीनें आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोशीं करार केला आणि जुलै २०२३ पासून ही चारशेंची गाडी हिंदुस्थानांत विकूं लागली. ती तयार होते चाकणला. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेपुढें पन्नासांहून अधिक दिवस लढविलेला किल्ला तो हाच. फिरंगोजीच्या गांवीं फिरंगी गाडी घडावी, हा योग मौजेचा खरा!

आतां मुद्द्याकडे वळूं. या गाडीचें इंजिन ३९८ घनसेंटीमीटरांचें असून तें सुमारें चाळीस अश्वशक्ति देतें. आमच्या पिढीनें ज्या शंभर घनसेंटीमीटरांच्या गाड्या वापरल्या, त्यांची शक्ति सात-आठ अश्वांची असे. म्हणजे पूर्वीच्या पांच गाड्यांचें बळ आज एका मुठींत आलें आहे. शिवाय जुन्या गाडीशीं मालकाचा जो नित्याचा झगडा चाले, तो आतां उरला नाहीं. कार्ब्युरेटरांत कचरा अडकणें, प्लग काढून तो पुसणें, थंडींत पंधरा किका मारणें, हें सर्व संपलें. पेट्रोल किती सोडावें हें आतां गाडीचा संगणक ठरवितो, इंजिन पाण्यानें थंड राहतें, आणि मूठ पिळली तरी तिच्यापासून इंजिनापर्यंत तार गेलेली नसते, केवळ विजेचा संदेश जातो. कंपनीनें सर्व्हिसची मुदत दिली आहे ती सोळा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जें अगोदर होईल तें.

या सोळा हजारांनींच घोटाळा होतो. तरुण मंडळी त्याचा अर्थ असा लावतात कीं, तोंवर गाडीकडे पाहण्याचें कारण नाहीं. हा अर्थ चुकीचा आहे. सोळा हजार ही मुदत कारागिराची आहे, मालकाची नव्हे. इंजिनाचें पोट कंपनीनें बंद केलें हें खरें, परंतु चेन, टायर, ब्रेक, तेल आणि पाणी या गोष्टी उघड्याच राहिल्या आहेत. इंजिन बंद पडलें तर मनुष्य फार तर उशिरा घरीं येतो. चेन तुटली, टायर फुटला किंवा ब्रेक लागला नाहीं तर काय होतें, तें वर दिलेले आंकडे सांगतात. ज्या भागांवर जीव अवलंबून आहे नेमके तेच भाग आजहि घरच्या माणसाच्या हवालीं आहेत. आणि आमच्याप्रमाणें ज्यांचें अधिकृत सेवाकेंद्र जिल्ह्याबाहेर आहे, त्यांनीं तर हें कधींच विसरूं नये.

प्रथम चेन. तिच्या कड्यांच्या सांध्यांत कारखान्यांतच ग्रीस भरून तें बाहेर येऊं नये म्हणून रबराच्या बारीक चकत्या बसविलेल्या असतात. सारी निगा या चकत्यांची. पेट्रोलानें चेन धुतली तर रबर बिघडतें, तारेच्या ब्रशानें तें कापलें जातें, आणि धुलाईकेंद्रांतील जोराच्या फवाऱ्यानें पाणी आंत शिरून ग्रीस बाहेर पडतें. म्हणून चेनसाठीं मिळणारें क्लीनर, मऊ ब्रश व जुनें धोतराचें फडकें एवढ्यावरच काम करावें. आमच्या घरीं दर पांचशें किलोमीटरांनीं, आणि पावसांत भिजल्यास त्याच सायंकाळीं, हें काम होतें. वंगण गाडी फिरून आल्यावर, चेन कोमट असतांना, आंतल्या बाजूनें लावावें. म्हणजे चाक फिरतांना तें आपोआप बाहेरच्या अंगास पसरतें. लावून लगेच निघूं नये, अन्यथा निम्में टायरावर उडतें. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकें लावणारे लोक मीं पाहिले आहेत. फडकें दांत्यांत सांपडलें कीं मागोमाग बोटें जातात. या गाडीस मधला स्टँड नाहीं. चाक उचलणारा वेगळा स्टँड घ्यावा, अथवा गाडी हातानें थोडी थोडी पुढें ढकलीत चेन पुसावी. वेळ अधिक लागतो. लागूं द्यावा.

चेन सैल किती असावी, याचें माप हस्तपुस्तिकेंत दिलेलें असतें. तें मोजपट्टीनेंच घ्यावें, अंदाजानें नव्हे. पुष्कळांस वाटतें कीं चेन जितकी ताठ तितकी चांगली. गतवर्षीं पुतण्याच्या चेनचा आवाज येऊं लागला म्हणून वाटेंतल्या एका मेस्त्रीनें ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ओढून दिली, आणि पैसे न घेतां दिली! दुसऱ्या दिवशीं सूनबाईंना मागें बसवून तो निघाला तों गाडी कण्हूं लागली. घरीं आणून मोजलें तेव्हां ढील जवळजवळ नव्हतीच. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. मागचें चाक खड्ड्यांत वरखालीं होतें तेव्हां पुढची व मागची गरारी यांमधील अंतर बदलतें. तें वाढेल त्या क्षणीं चेनला थोडी जागा हवी. ती नसली तर ओढ इंजिनाच्या दांड्यावर व तिच्या बेअरिंगवर पडते. मग चेन तरी तुटते किंवा शेंकडों रुपयांच्या ठिकाणीं हजारों रुपयांचें काम निघतें. मागें माणूस बसलें म्हणजे हा ताण आणखी वाढतो. आम्हीं चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून चेन मापावर आणली व मुख्य नट ताण मोजणाऱ्या पान्ह्यानें आवळला. हा पान्हा महाग वाटतो, परंतु तीन घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

विराटाच्या घरीं अज्ञातवासांत नकुल ग्रंथिक या नांवानें घोडे सांभाळीत होता, आणि राजपुत्रास त्या कामाचा कमीपणा वाटला नाहीं. आमच्या कांहीं पदवीधरांस मात्र हातास काळें लागल्याचा वाटतो, म्हणून सहज आठवण झाली.

टायरांकडे येऊं. हवा आठवड्यांतून एकदां, सकाळीं टायर थंड असतांना मोजावी. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिशीपार जातो. तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, तर सायंकाळीं तोच टायर कमी हवेवर धांवतो व आंतून तापून खिळखिळा होतो. शेताच्या वाटेनें गेलें कीं बाभळीचा कांटा ठरलेलाच. ट्यूब नसल्यामुळें हवा हळूहळू जाते, हा मोठा फायदा आहे. म्हणून कांटा दिसतांच उपटूं नये, पंक्चरची वात व पंप हाताशीं आल्यावरच काढावा. वात ही घरीं पोंचण्यापुरती. नंतर टायर उतरवून आंतून नीट दुरुस्ती करून घ्यावी. टायर बाजूस फाटला असेल तर वातीच्या नादीं लागूं नये, टायरच बदलावा.

तेल गाडी सपाट जागीं उभी धरून, इंजिनाच्या कांचेंतून पाहावें. मोटारीचें उरलेलें तेल ओतण्याची काटकसर करूं नये. या गाडीचा क्लच त्याच तेलांत बुडलेला असतो, आणि मोटारीच्या कित्येक तेलांतील घसरट द्रव्यानें तो सरकूं लागतो. डब्यावर 'जासो एमए-२' अशी खूण पाहून घ्यावी. रेडिएटरचें झांकण गरम असतांना उघडलें तर तोंड भाजेल, इतकें सांगणें पुरे. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून दिसण्यांत स्वच्छ असलें तरी दोन वर्षांनीं बदलावें; घाट उतरतांना ब्रेक तापले म्हणजे त्या ओलीची वाफ होते आणि दांडी नुसतीच दबते. तुळजापूरचा घाट उतरतांना खालच्या गिअरवर इंजिनाचा रोध घ्यावा, हा जुना नियम नव्या गाडीसहि लागू आहे.

चाकें अडकूं न देणारी ब्रेकयोजना, जिला एबीएस म्हणतात, ती या गाडीस दोन्ही चाकांवर आहे. तिनें गाडी घसरत नाहीं, परंतु जें अंतर मुळांतच उरलें नाहीं तें ती निर्माण करीत नाहीं. ताशीं साठ किलोमीटर म्हणजे एका सेकंदास जवळजवळ सतरा मीटर, ऐंशीला बावीस. आमच्या जिल्ह्यांत उसाचा हंगाम सुरू झाला कीं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रीं रस्त्यानें चालतात, आणि पुष्कळांच्या पाठीमागें दिवा नसतो, चकाकणारी पट्टीहि नसते. अंधारांत उसाचा ढीग दिसतो तो पन्नास पावलांवर आल्यावर. यावर यंत्रांत उपाय नाहीं. हंगामांत रात्रीं वेग दिव्याच्या उजेडाच्या आंत ठेवणें, हाच एक. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत भवानीच्या दर्शनास पायीं निघालेल्या भाविकांचे जथे रात्रभर रस्त्यावर असतात; त्या दिवसांत पुतण्या एस. टी. नें जातो. त्याची कुरकुर होते. होऊं द्यावी.

मागें बसणाऱ्यांविषयीं आमच्या भगिनींस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पदर वा ओढणी कंबरेस खोंचल्याशिवाय बसूं नये. चाकाजवळची साडी-जाळी कायद्यानें बसविलेली असते. गाडी देखणी दिसावी म्हणून ती काढून टाकण्याची मुलांस हौस असते, ती घरांतूनच मोडून काढावी. हेल्मेट मागच्यासहि हवें, हें मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमांत आहे. तें आय. एस. आय. खुणेचें असावें व हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. नुसतें डोक्यावर ठेवलेलें हेल्मेट पडण्यापूर्वींच निघून जातें. नातवंडांस टाकीवर बसवून नाक्यापर्यंत नेण्याची आजोबांची प्रेमळ चालहि सोडावी. चार वर्षांखालील मुलासाठीं हेल्मेट, बांधण्याचा पट्टा आणि ताशीं चाळिसांच्या आंत वेग, असा नियम २०२२ सालीं निघाला आहे.

घरीं काय करूं नये, तेंहि सांगितलें पाहिजे. घड्याळाच्या तबकडीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर गाडी हळू चालवीत घरीं आणावी आणि सेवाकेंद्रास कळवावें. तेथील यंत्र गाडीच्या संगणकाशीं जोडून दोष वाचतात. उडालेल्या फ्यूजच्या जागीं त्याच अंकाचा फ्यूज घालावा, तार गुंडाळूं नये. मोठा हॉर्न व जादा दिवे लावण्यासाठीं तारा कापून जोड देण्याचें काम तर वर्ज्यच समजावें; एका हौसेपायीं निम्मी गाडी अंधारांत जाते.

आमच्या घरीं गाडीची एक वही आहे. तिच्यांत तारीख, किलोमीटर आणि केलेलें काम, एवढेंच लिहितात. येत्या ज्येष्ठांत पुतण्या दोन महिने प्रशिक्षणास जाणार असल्यानें तिच्यांत मीं अगोदरच नोंद करून ठेवली आहे. आजच्या पेट्रोलांत आपल्याच मुलखांतील उसापासूनहि होणारें इथेनॉल शेंकडा वीसपर्यंत असतें, आणि तें ओल ओढतें. म्हणून टाकी अर्धवट ठेवूं नये, भरून ठेवावी. बॅटरीची उणे तार सोडावी. चेनला वंगण लावावें, टायरांत हवा पुरी भरावी, गाडी ओसरींत घ्यावी, आणि किल्ली काकूंच्या कपाटांत.