पंगत, पाव आणि पार्सल

झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' (२००३) ही कादंबरी स्वयंपाकघरात सुरू होते. वर्ष १९६८. अमेरिकेतील केंब्रिजमधल्या छोट्या घरात गरोदर आशिमा खोक्यातल्या तयार कुरमुऱ्यांत शेंगदाणे, कांदा, मीठ, लिंबू, मिरची कालवते आहे. कोलकात्याच्या फुटपाथवर कागदाच्या पुड्यात मिळणाऱ्या झालमुरीची ही नक्कल. मोहरीचे तेल मात्र नाही. रस्त्यावरचे खाणे घरपण मोडते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे मात्र सातासमुद्रापार आलेल्या मुलीला घर आठवते ते रस्त्यावरच्याच पदार्थातून.

पुढे याच आशिमाला अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाच्या हट्टाखातर आठवड्यातून एकदा 'अमेरिकन' जेवण करावे लागते. पाकिटातले तयार मिश्रण ती वापरते, पण त्यात गोमांसाऐवजी मेंढीचा खिमा घालते. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आणि मुंबईत वांद्र्याला अवतरले, तेव्हा त्या बलाढ्य कंपनीनेही हीच युक्ती केली. गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य, आणि 'महाराजा मॅक'मध्ये मटण! बाजाराला उशिरा सुचणाऱ्या गोष्टी आयांना बऱ्याच आधी सुचलेल्या असतात, असे म्हणावे लागेल.

आपल्याकडील फास्ट फूडचा इतिहास मात्र कुटुंबाच्या सहलीतून नव्हे, तर कष्टातून सुरू होतो. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकण्यास सुरुवात केली, असे मानले जाते. पाळीवर निघालेल्या गिरणी कामगाराला ताट नको होते. बसायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. एका हातात मावेल, चालता चालता संपेल आणि पोटाला आधार देईल, एवढेच त्याला हवे होते. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. पगार थांबलेल्या अनेक घरांनी मग वडापावच्याच गाड्या लावल्या. काल जो पदार्थ बापाची भूक भागवत होता, तोच आज घराची चूल पेटवू लागला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात संपानंतरच्या अशाच एका गिरणगावकर घराची पडझड दिसते. ते घर मोडते ते बाहेरच्या खाण्याने नव्हे; रोजगार गेल्याने.

उलट, पंगत म्हणजे जिव्हाळा, हेही समीकरण तपासून घ्यावे असेच आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) तात्याजींच्या मृत्यूनंतर देशपांडे कुटुंब विदर्भातल्या वाड्यात एकत्र येते. तेराव्याचे गावजेवण घालायचे कसे आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, यावरून भावाभावांतील जुनी धुसफूस वर येते. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे आणि प्रतिष्ठेसाठी पंगत मात्र उठलीच पाहिजे. त्याच घरात शिक्षणाची इच्छा दडपली गेलेली प्रभा आहे, राबणारी वहिनी आहे. पंगतीचा गोडवा गाणाऱ्या लेखांत वाढणारी बाई जेवली केव्हा, हा प्रश्न सहसा येत नाही. (प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीही तो फार उशिरा विचारला गेला.)

वांद्र्याच्या त्या दुकानानंतरच्या दशकात बर्गर ही मध्यमवर्गाची कौटुंबिक चैन ठरली. बक्षीस म्हणून बर्गर, वाढदिवसाला बर्गर. एका टेबलाभोवती आजीसह सगळे बसत, आणि आजी पावात बटाट्याची टिक्की पाहून 'हा तर आपला वडाच' म्हणे. त्या रात्री घरातल्या बाईला सुट्टी असे, ही गोष्टही लहान नव्हती. स्विगीची सुरुवात २०१४ ची, झोमॅटो त्याआधीचे. मोबाइलवरून घरपोच पार्सल मागवण्याची सवय लागल्यावर चित्र पुन्हा पालटले. आता बाहेर जाण्याचे निमित्त उरले नाही आणि एकच पदार्थ मागवण्याचे बंधनही नाही. मुलाचा पिझ्झा साडेआठला येतो, मुलीचे नूडल्स नऊला. आईवडील आपली पोळीभाजी आटोपून मोकळे. भांडण नाही, आग्रह नाही, 'अजून एक घे' नाही. वडापावाने कामगाराचा वेळ वाचवला होता. पार्सलने वाचवलेला वेळ कोणाच्या वाट्याला गेला, हे घराघरांत वेगळे असणार.

मराठी कथेत ही दारावरची घंटा फारशी ऐकू येत नाही. आपली कथा अजून चुलीपाशी किंवा फार तर डायनिंग टेबलापाशी रेंगाळते. 'द नेमसेक'च्या शेवटी आशिमा पुन्हा स्वयंपाकघरातच दिसते. नवरा वारला आहे, घर विकले गेले आहे. नाताळच्या मेजवानीसाठी ती खिम्याची क्रोकेट वळत बसली आहे, आणि या वेळी ती एकटीसाठी नाहीत.