मसाई माराला कसे जातात?
केनिया देशात मसाई मारा हे राखीव रान आहे. तिथे सिंह, हत्ती मोकळे फिरतात. मुंबईहून नैरोबीला विमानाने साधारण ६ तास लागतात. पुढे दोन वाटा आहेत. विल्सन विमानतळावरून छोटे विमान पाऊण तासात पोचते. पण सामान फक्त १५ किलो न्यायचे! उतरायची पट्टी बहुतेक मातीची. तिच्यावर झेब्रे चरत असले तर आधी त्यांना हाकलायचे, तोवर विमान वरच घिरट्या घालते.

गाडीने नारोक गावावरून ५-६ तास लागतात. पावसात तिकडची काळी माती आपल्या शेतासारखीच चिकट होते, चाक रुतते. आपल्याकडे बैलगाडी रुतली की सगळे पटकन उतरून ढकलतात. तिथे आधी बघायचे, जवळ सिंह नाही ना! तरी मला गाडीच बरी वाटते. वाटेत जिराफ दिसतात.