पोरीला केमिस्ट्रीत बी.एस्सी. करायचं आहे? आधी हिशोब मांडू



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "पोरगी केमिस्ट्रीत बी.एस्सी. करतो म्हणते. कर्ज द्यायचं का?" कोणी म्हणते, "द्या ना, शिकू द्या." कोणी म्हणते, "काहून एवढा खर्च? नोकरी तर लागत नाही." दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. म्हणून हिशोब मांडून पाहू.

"केमिस्ट" म्हणजे मेडिकल दुकान नाही

हा घोटाळा बऱ्याच घरी होतो. केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून मेडिकल दुकान टाकता येत नाही. त्यासाठी बारावीनंतर डी.फार्म. (२ वर्षं) किंवा बी.फार्म. (४ वर्षं) करून फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. केमिकल इंजिनिअरिंगही वेगळं. नागपूरची १९४२ ची एलआयटी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पोरीच्या मनात नेमकं काय आहे, ते आधी तिलाच विचारा.

खर्च फक्त फीचा नसतो

बी.एस्सी.ची फी कॉलेज शासकीय, अनुदानित की विनाअनुदानित, यावर ठरते. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. प्रवेश घेताना "ही तुकडी कोणती?" हे स्पष्ट विचारा. सिव्हिल लाइन्समधली विज्ञान संस्था शासकीय आहे, १९०६ पासूनची. तिथेही अर्ज भरायला लावा.

फीच्या खाली हे सगळं लिहा: खोलीभाडं किंवा एसटी पास, जेवण, पुस्तकं, प्रॅक्टिकलचं सामान, परीक्षा फी. बारावीपर्यंतचा मुलींचा फुकट एसटी पास पुढे बंद होतो. पण कॉलेजच्या पोरींना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. आणखी एक, ही ३ वर्षं पोरगी कमावणार नाही. तेही हिशोबात धरा.

पदवीनंतर काय मिळतं?

खरं सांगायचं तर नुसत्या बी.एस्सी.वर पगार कमीच सुरू होतो. बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत माल तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळू शकतं. तिथे शिफ्ट असते, म्हणून येण्याजाण्याची सोय आधी पाहा. कारखान्यात अप्रेंटिसशिप केली तर शिकताना स्टायपेंड मिळतो आणि अनुभवाचा कागद हाती येतो.

आपल्या गावात जलजीवन मिशनच्या किटने पाणी तपासणाऱ्या ताया आहेत ना? तेच पाणी पुढे प्रयोगशाळेत जातं, तिथे केमिस्ट्री शिकलेली माणसं लागतात.

चांगली कमाई बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर असते. एम.एस्सी. किंवा बी.एड. केलं तर आणखी २ वर्षं, म्हणजे एकूण ५. शिक्षिका व्हायला त्यावर टीईटीसारखी परीक्षाही असते. हुशार पोरींना जॅम परीक्षा देऊन आयआयटीत, आपल्या व्हीएनआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. म्हणून पैशाची तयारी ३ नाही, ५ वर्षांची ठेवा.

स्वस्त दिसतं ते स्वस्तच असतं असं नाही

२०२४-२५ पासून राज्य सरकारने इंजिनिअरिंग, बी.फार्म. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असावं आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असावा. साधी बी.एस्सी. यात येत नाही. म्हणजे महाग वाटणारी फार्मसी एखाद्या घराला स्वस्तही पडू शकते. त्यासाठी सीईटी द्यावी लागते, म्हणून हा विचार बारावीतच करा. एससी, एसटी आणि इतर मुलींसाठीच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

कर्ज कुठून घ्यायचं?

गटाचं कर्ज लहान आणि लवकर फिटणाऱ्या कामासाठी बरं: प्रवेश फी, पुस्तकं, खोलीचं डिपॉझिट. समजा ५०,००० घेतले, व्याज महिन्याला २ टक्के. मुद्दल तसंच ठेवलं तर दर महिन्याला १,००० रुपये व्याज. ३ वर्षांत नुसतं व्याजच ३६,००० होतं. मोठ्या रकमेसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज पाहा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असतात. हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. मात्र व्याज आधीपासून चढतं, जमेल तसं भरत राहा. फीसाठी मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता गळ्यात घेऊ नका. पदवी कमवायला लागायच्या कितीतरी आधी तो दारात येतो.

सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. पदवीनंतर पोरीची पुढची पायरी कोणती?
२. तुकडी अनुदानित आहे का?
३. बारावीला गणित होतं का? नसेल तर बी.एस्सी.नंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचा रस्ता बंद.
४. पाचही वर्षांचा पैसा कुठून येणार?
५. मधेच लग्नाचं स्थळ आलं तर शिक्षण पूर्ण करू देणार का?

पाचवा प्रश्न बापाला आणि भावालाही विचारा. अर्धी सोडलेली पदवी सगळ्यात महाग पडते. खर्च पूर्ण होतो आणि हाती काहीच येत नाही.

पोरीला केमिस्ट्री आवडत असेल आणि पुढची वाट ठरली असेल, तर बिनधास्त शिकवा. "दुसरं काही मिळालं नाही म्हणून" घेत असेल, तर डी.फार्म., बी.फार्म. किंवा आयटीआयचीही चौकशी करा. पुढच्या मासिक बैठकीला पोरीला सोबत आणा आणि कॉलेजचं फीपत्रक घेऊन या. आपण सगळ्या मिळून वहीत हिशोब मांडू.

तुमची क्षेत्र समन्वयक