वालेन्सचे काय करायचे?

गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या हिशेबात तूट निघाली. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. खजिनदार आमच्यातलेच, वीस वर्षे अर्पणाची पिशवी सांभाळणारे. त्यांनी चूक कबूल केली आणि रक्कम हप्त्यांनी फेडण्याचे लिहून दिले. मंडळीत मात्र दोन तट पडले. एक म्हणे, नाव काढून टाका. दुसरा म्हणे, झाकून टाका, चारचौघांत शोभा नको. पाळकसाहेब गप्प होते.

त्या आठवड्यात मी आद्य ख्रिस्ती पत्रे पुन्हा उघडली. ही पत्रे आपण पोथीसारखी वाचतो, टपालासारखी वाचत नाही. वास्तविक ती कुठल्या तरी गावच्या भांडणावर, कुणाच्या तरी तक्रारीवर लिहिलेली आहेत.

पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र घ्या. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी पौल वर्गणी गोळा करीत होता. आठव्या अध्यायात तो कळवतो, की या कामी तीताबरोबर आणखी दोघे येत आहेत आणि त्यांतल्या एकाला तर मंडळ्यांनीच नेमले आहे. कारणही स्पष्ट देतो. एवढ्या मोठ्या देणगीबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. व्यवहार देवाला चोख दिसावा, तसाच माणसांनाही. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. त्यात कुणाचा अपमान नसतो. आमच्याकडे मात्र हिशेब मागितला की 'विश्वास नाही का?' असे विचारतात. वीस वर्षे आम्ही एकाच माणसाकडे किल्ली ठेवली, आणि त्याला विश्वास म्हणत आलो.

दुसरे पत्र नव्या करारातले नाही, म्हणून कमी वाचले जाते. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर. तिथला बिशप पॉलिकार्प याने दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात फिलिप्पैच्या मंडळीला ते लिहिले. फिलिप्पैकरांनी त्याच्याकडे इग्नाटियसची पत्रे मागितली होती. ती पाठवताना त्याने सोबत हे पत्र जोडले. चौदा छोटे अध्याय. उपलब्ध ग्रीक हस्तलिखिते नवव्या अध्यायापाशी तुटतात. अकरावा अध्याय केवळ लॅटिन भाषांतरात उरला आहे. माझे काम होते ते नेमके त्यातच.

तिथे वालेन्स भेटतो. फिलिप्पैच्या मंडळीत तो पूर्वी वडील होता. त्याने नेमके काय केले, रक्कम किती, हे पत्रात नाही. पण पॉलिकार्प लगेच द्रव्यलोभापासून दूर राहा म्हणतो, तेव्हा प्रकरण पैशाचे असावे हे उघड आहे. पॉलिकार्प त्याचे नाव लपवत नाही. आपल्याला मिळालेली जागा या माणसाला कळली नाही, असे तो स्पष्ट लिहितो. मग त्याच्याबद्दल आणि त्याच्या पत्नीबद्दल दुःख व्यक्त करतो, दोघांना खरा पश्चात्ताप लाभावा असे मागतो. आणि मंडळीला बजावतो, की अशांना वैरी समजू नका. दुखावलेला अवयव परत ठीक करतात, तसे त्यांना परत आणा; त्यातच सगळ्या शरीराचे भले आहे. वडीलपण परत द्या, असे मात्र तो कुठेही म्हणत नाही.

पत्नीच्या उल्लेखापाशी मी थबकलो. नोकरीत असताना एका रोखपालाच्या अफरातफरीची चौकशी मी केली होती. अहवाल बिनचूक होता. पुढे त्याची बायको बाजारात समोरून आली, की मी रस्ता बदलत असे. याच पत्राच्या सहाव्या अध्यायात पॉलिकार्प वडिलांना सांगतो, की न्याय करताना कठोर होऊ नका, आपण सारेच पापाचे कर्जदार आहोत. कर्जदार हा शब्द मी हजारो कागदांवर लिहिला असेन; स्वतःच्या नावापुढे कधी लिहिला नव्हता.

सभेत मी दोन सूचना मांडल्या. यापुढे अर्पण तिघांनी मोजावे आणि धनादेशावर दोन सह्या असाव्यात. आणि खजिनदारांचे पद गेले तरी मंडळीतून कुणीतरी त्यांच्या घरी जावे. पहिलीवर सगळे हात वर झाले. दुसरीवर चार.

मंगळवारी संध्याकाळी पाळकसाहेब आणि मी गेलो. खजिनदार खाली मान घालून बसले होते. त्यांच्या पत्नीने विचारले, ''चहात साखर चालते ना तुम्हाला?''