सत्तावीस विद्यार्थ्यांचा प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, जगाचा नकाशा समोर घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात काही बारीक ठिपके दिसतील. तेथेच वानुआतू नावाचा देश आहे. सुमारे ८० बेटांचा हा देश, पण लोकसंख्या मात्र आपल्याकडच्या एखाद्या शहराएवढी!

कोळसा आणि पेट्रोल जाळल्याने निघणाऱ्या वायूंमुळे पृथ्वी तापत आहे, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच असाल. उष्णतेने समुद्राचे पाणी प्रसरण पावते, जमिनीवरचा बर्फ वितळतो आणि समुद्राची पातळी वाढते. मग खारे पाणी बेटांवरच्या विहिरींत व शेतांत शिरते. वादळेही अधिक जोरदार होतात. २०१५ साली 'पॅम' या चक्रीवादळाने वानुआतूची अतोनात हानी केली. आणि हे वायू हवेत सोडण्यात या बेटांचा वाटा किती? अगदी नाममात्र.

२०१९ साली वानुआतूत कायद्याचे शिक्षण घेणारे २७ विद्यार्थी एकत्र आले. ते पॅसिफिकमधील निरनिराळ्या बेटांवरचे होते. चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, हे कोणत्या कायद्यात बसते? हा प्रश्न हेग शहरातील आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावा, असे त्यांनी ठरवले. पण तुम्ही-आम्ही उठून त्या न्यायालयात जाऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा त्याचा सल्ला मागू शकते, आणि आमसभेत बसतात सरकारांचे प्रतिनिधी. म्हणून विद्यार्थ्यांनी बेटांच्या सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतूच्या सरकारने त्यांचे ऐकले. इतर देशांतील तरुणांनीही साथ दिली, लोकमत तयार झाले. एकेक देश सामील होत गेला. २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने हा ठराव मतदान न घेताच मंजूर केला. तेव्हा १३०हून अधिक देश त्याचे पुरस्कर्ते होते.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने उत्तर दिले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी हे त्या न्यायाधीशांपैकी एक होते. हवामानाचे रक्षण करणे व त्यासाठी एकमेकांना सहकार्य करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे; ते न पाळणाऱ्या देशाला नुकसानभरपाईही द्यावी लागू शकते, असे न्यायालयाने सांगितले.

हा सल्ला आहे, हुकूम नव्हे. एखाद्या देशाने तो मानला नाही, तर न्यायालय त्याला दंड करू शकत नाही. मात्र देशोदेशीचे वकील आपल्या खटल्यांत आता त्याचा आधार घेऊ शकतात. विद्यार्थ्यांच्या त्या संघटनेचे तरुण सदस्य हे उत्तर ऐकायला हेगला हजर होते.